पाटाचे लग्न आणि विधवेचा वारसा

विधवेचा पुनर्विवाह आपल्या ज्ञातीत सुधारकांच्या चळवळीमुळे आला नाही. तो पूर्वापार रूढ होता, हे वडीलधाऱ्या मंडळींस सांगणे नको. त्यास कोठे पाट म्हणत, कोठे मोहतूर. विधी बहुधा रात्री, मोजक्या माणसांत व सुवासिनींच्या अनुपस्थितीत उरकला जाई. आर्थर स्टील यांनी १८२७ साली मुंबई सरकारसाठी जातिरूढींचा जो संग्रह सिद्ध केला, त्यातही पाटाचा उल्लेख आहे. पुढे कोर्टकचेरीत या विवाहाची जी परवड झाली, तिचा इतिहास मात्र आपल्या घराघरांत असूनही फारसा कोणी लिहिलेला नाही.

ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या खटपटीने १८५६ चा विधवा-पुनर्विवाहाचा कायदा झाला. ज्या जातींत असा विवाह निषिद्ध होता, तेथील विधवांची सोय व्हावी हा त्याचा हेतू. पहिल्या कलमाने विवाह कायदेशीर व संतती औरस ठरली. दुसऱ्या कलमाने मात्र अशी स्त्री पुनर्विवाहाच्या क्षणी जणू मृत झाली असे मानून, पहिल्या पतीच्या मिळकतीवरील तिचा हक्क पुढील वारसांस दिला.

ज्यांस या कायद्याची गरजच नव्हती, त्यांस हे दुसरे कलम लागू व्हावे काय? अलाहाबाद हायकोर्टाने १८८९ साली नकार दिला; रूढीनेच पुनर्विवाह करू शकणारी स्त्री या कायद्याखाली येत नाही. मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने १८९६ साली उलट निकाल दिला. म्हणजे गंगाकाठच्या विधवेची जमीन राहिली आणि कृष्णाकाठची गेली! पाट लावणारीने सासरची मिळकत सोडावी अशी पुष्कळ ठिकाणी रूढीच होती, हे नाकारता येत नाही. पण जेथे रूढी तशी नव्हती, तेथे ती सिद्ध करण्याची संधी तरी तिला मिळावयास हवी होती.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. आसामातील केरी कोलितानी हिच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १८८० साली ठरविले, की एकदा वारसा मिळाल्यावर विधवेचे वर्तन बिघडले तरी मिळकत तिच्याकडून जात नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहावे. उघड पाट लावून संसार थाटणारी बाई निष्कांचन होई आणि विवाहावाचून राहणारीची मिळकत शाबूत राही.

त्यामुळे पुराव्याचीही उलटापालट झाली. पहिल्या पतीचे भाऊबंद पाट लागलाच होता म्हणून साक्षी आणीत. दुसऱ्या पतीचे भाऊबंद, तिच्या मुलांस वाटा नको म्हणून, पाट झालाच नाही असे म्हणत. पहिला नवरा हयात असल्यास सोडचिठ्ठीचा प्रश्न निघे. रात्रीच्या विधीचे साक्षीदार आधीच थोडे; वीस-पंचवीस वर्षांनी त्यांतील कितीसे उरणार? पती-पत्नी म्हणून दीर्घकाळ एकत्र राहिल्यास विवाह झाल्याचे अनुमान न्यायालये करीत, आजही करतात, परंतु ते अनुमान विरुद्ध पुराव्याने खोडता येते.

मातेच्या नात्याने मात्र थोडा दिलासा मिळाला. पुनर्विवाह केलेल्या स्त्रीस पहिल्या पतीपासून झालेल्या मुलाचा वारसा मिळू शकतो, असे मुंबईच्या पूर्णपीठाने १९०४ साली मान्य केले. पत्नी म्हणून जी मृत, ती आई म्हणून जिवंत!

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीच्या ताब्यातील मिळकत तिच्या पूर्ण मालकीची झाली. १८५६ चा कायदा १९८३ साली रद्द झाला आणि पतीचा वारसा मिळाल्यानंतर केलेल्या पुनर्विवाहाने तो परत जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले. परंतु चौदाव्या कलमाचा लाभ होण्यास मिळकतीवर तिचा हक्क उरलेला असावा लागे. ज्यांनी १९५६ पूर्वी पाट लावला व ज्यांची शेते तेव्हाच दिराच्या वा पुतण्याच्या नावे झाली, त्यांस या कलमाने काहीच परत मिळाले नाही.