घारापुरीचे एकदिवसीय स्थलदर्शन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

इतिहासाच्या अध्यापनात प्रत्यक्ष स्थळभेटीला महत्त्वाचे स्थान आहे. ग्रंथातून समजलेली वास्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिचे आकलन पूर्ण होत नाही, हे सर्वमान्य आहे. परंतु स्थळभेटीलाही स्वतःचा एक इतिहास असतो. कोणते स्थळ पाहावे, कोणत्या मार्गाने जावे, किती वेळ थांबावे आणि काय पाहिले म्हणजे ते स्थळ 'पाहून झाले' असे मानावे, याचे संकेत काळाच्या ओघात तयार होतात. पुढील पिढ्या ते संकेत नकळत पाळत असतात.

बेटावरील एकदिवसीय स्थलदर्शन हा या दृष्टीने विशेष अभ्यासण्याजोगा प्रकार आहे. येथे वेळेची मर्यादा शेवटची नौका ठरविते. ग्रीसमधील मिकोनोस बेटावरून डिलोस या प्राचीन बेटाला जाणारे पर्यटक सकाळी नौकेने जातात, वाटाड्यासह अवशेष पाहतात आणि त्याच दिवशी परततात. महाराष्ट्रात याच्याशी जुळणारे सर्वांत जुने आणि प्रसिद्ध उदाहरण घारापुरीचे आहे. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील हे बेट मुंबईच्या गेट वे ऑफ इंडियापासून समुद्रमार्गे सुमारे १० ते ११ कि.मी. अंतरावर आहे. १९८७ मध्ये येथील लेण्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पुण्यातील महाविद्यालयांच्या दृष्टीनेही हे एका दिवसात जाऊन येण्याजोगे स्थळ आहे.

उद्दिष्टे :

१) घारापुरीच्या एकदिवसीय स्थलदर्शनाची ऐतिहासिक घडण समजून घेणे.
२) या पद्धतीमुळे बेटाच्या इतिहासाचा कोणता भाग ठळक झाला व कोणता मागे पडला, याचा शोध घेणे.
३) पुण्याहून निघणाऱ्या अभ्याससहलींच्या संदर्भात या घडणीचा विचार करणे.

१. बेटाचे नाव आणि पहिले परकीय प्रेक्षक :

१५३४ च्या वसईच्या तहाने या परिसरातील बेटे पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली. बेटावर उतरण्याच्या जागेजवळ दगडात कोरलेला एक मोठा हत्ती होता. त्यावरून पोर्तुगिजांनी बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिले. स्थानिक लोकांच्या तोंडी मात्र घारापुरी हेच नाव राहिले. एकाच स्थळाची ही दोन नावे म्हणजे दोन दृष्टिकोनांची खूण आहे. एक नाव समुद्रावरून येणाऱ्याने प्रथमदर्शनी दिलेले आहे, तर दुसरे तेथे राहणाऱ्यांचे आहे.

जोआँव द कास्त्रो याने १५३८ च्या सुमारास हे लेणे पाहिले. गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथातही त्याचा उल्लेख येतो. लेण्यातील एक शिलालेख काढून पोर्तुगालला पाठविण्यात आला, परंतु तो कोणालाही वाचता आला नाही, अशी नोंद दियोगो द कूतो याने केली आहे. आज मुख्य लेण्यात निर्मितीचा काळ सांगणारा एकही लेख नाही. त्यामुळे लेण्याचा काळ शैली, नाणी आणि राजकीय परिस्थिती यांवरून ठरवावा लागतो. सहाव्या शतकाचा मध्य आणि कलचुरी राजवटीचा संबंध या मताला आज बऱ्याच अभ्यासकांची मान्यता आहे. कोकणच्या मौर्यांची राजधानी 'पुरी' ती हीच काय, हा प्रश्न अद्याप वादाचा आहे.

२. खासगी होडीपासून प्रवासी नौकेपर्यंत :

अठराव्या शतकात मुंबईत स्थिरावलेल्या इंग्रजांसाठी घारापुरी हे होडी करून जाण्याचे ठिकाण बनले. कॅप्टन पाइक याने १७१२ मध्ये येथील शिल्पांची वर्णने व रेखाटने केली. १७६४ मध्ये आलेला कार्स्टेन नीबूर हा या परंपरेतील महत्त्वाचा अपवाद होय. त्याने एका भेटीवर समाधान न मानता बेटावर पुन्हा जाऊन मोजमापे घेतली व चित्रे काढली. यापुढे विल्यम अर्स्किन याचा १८१९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रबंध आणि जेम्स बर्जेस याचा १८७१ चा ग्रंथ यांनी घारापुरीच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घातला.

याच काळात सहलीचे स्वरूपही निश्चित होत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत उतरणाऱ्या पाहुण्याने अपोलो बंदरावरून नौका करून घारापुरी पाहून यावे, हा प्रवासी मार्गदर्शिकांतील नेहमीचा सल्ला झाला. पुढे वाफेच्या नौकांमुळे भरती-ओहोटी व वारा यांवरील अवलंबन कमी झाले आणि 'सकाळी जावे, सायंकाळी परतावे' हा क्रम पक्का झाला. १८७५ मध्ये युवराज एडवर्ड भारतभेटीवर आले असता त्यांच्यासाठी मुख्य लेण्यातच मेजवानी देण्यात आली व लेणे दिव्यांनी उजळण्यात आले. ज्या गर्भगृहात महाशिवरात्रीला भाविक दर्शनासाठी येत, त्याच्या समोरील मंडपात झालेली ही मेजवानी राज्यकर्त्यांची स्थळाकडे पाहण्याची दृष्टी स्पष्ट करते. त्यांच्या लेखी घारापुरी हे प्रामुख्याने प्रेक्षणीय स्थळ होते.

ज्या हत्तीने बेटाला नाव दिले, त्याची कथाही येथे नमूद करणे आवश्यक आहे. १८१४ मध्ये त्याचे डोके व मान गळून पडली होती. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात उचलताना कोसळून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईच्या राणीच्या बागेत ठेवले गेले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. आज तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ आहे. म्हणजे बेटाला परदेशी नाव देणारी वस्तू बेटावर नाही आणि पाहणाऱ्यांपैकी अनेकांना ती अन्यत्र असल्याचे माहीतही नसते.

३. पाहण्याची दिशा :

एकदिवसीय भेटीचा सर्वांत खोल परिणाम मुख्य लेण्याच्या आकलनावर झालेला दिसतो. आजचा पर्यटक धक्क्यावरून सुमारे १२० पायऱ्या चढून उत्तरेकडील द्वाराने लेण्यात प्रवेश करतो. समोर, दक्षिण भिंतीत, सुमारे ६ मीटर उंचीची सदाशिवमूर्ती आहे. ती 'त्रिमूर्ती' या नावाने प्रसिद्ध झाली. ब्रह्मा, विष्णू व महेश यांचे एकत्रित रूप म्हणून तिची ओळख दीर्घकाळ करून दिली गेली. वस्तुतः हे एकाच शिवाचे विविध मुखांतून व्यक्त झालेले रूप आहे, हे मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांनी स्पष्ट केले आहे. तरीही जुने नाव वाटाड्यांच्या निवेदनातून व पोस्टकार्डांवरून सहजासहजी गेले नाही.

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा अक्षाचा आहे. लेण्यातील लिंगाचे गर्भगृह मंडपाच्या पश्चिम भागात असून त्याला चारही बाजूंना दारे आहेत. प्रत्येक दाराशी दोन भव्य द्वारपाल उभे आहेत. पूर्वेकडून प्रवेश करणाऱ्या भाविकाला हे गर्भगृह थेट समोर दिसते. म्हणजे पूर्व-पश्चिम हा उपासनेचा अक्ष आहे, तर उत्तर-दक्षिण हा सदाशिवमूर्तीच्या दर्शनाचा अक्ष आहे. पूर्वेच्या बाजूला रावणानुग्रह व उमा-महेश्वर, उत्तर द्वाराशी योगीश्वर व नटराज, सदाशिवाच्या दोन्ही बाजूंना अर्धनारीश्वर व गंगाधर, तर पश्चिमेला गर्भगृहाजवळ कल्याणसुंदर व अंधकासुरवध अशी शिल्पांची मांडणी आहे. या मांडणीत कोणता क्रम अभिप्रेत होता, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पर्यटक मात्र दुसऱ्या अक्षावर चालतो, मूर्तीसमोर थांबतो, छायाचित्र घेतो आणि वळतो. त्यामुळे लेण्याचे केंद्र असलेले गर्भगृह त्याच्या लेखी बाजूची खोली ठरते. अपुऱ्या वेळात पाहणाऱ्याची नजर साहजिकच सर्वांत मोठ्या मूर्तीकडे वळते व तेथेच स्थिरावते.

४. वेळापत्रकाबाहेरचे बेट :

घारापुरी म्हणजे केवळ एक लेणे नव्हे. बेटावर दोन टेकड्या आहेत. पश्चिमेकडील टेकडीवर शैव लेण्यांचा मुख्य समूह आहे. पूर्वेकडील टेकडी स्तूप टेकडी म्हणून ओळखली जाते व तेथे विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. मोराबंदर परिसरातील अन्वेषणात क्षत्रपांची नाणी व भूमध्य सागरी प्रदेशातून आलेल्या अँफोरा प्रकारच्या दोन कानांच्या रांजणांची खापरे मिळाली आहेत. शैव लेणे कोरले जाण्यापूर्वी कित्येक शतके हे बेट सागरी व्यापाराच्या वाटेवर होते, असे यावरून दिसते. ग्रीक बेटांच्या समुद्राशी घारापुरीचे असलेले हे नाते एखाद्या पर्यटनपत्रकातील तुलनेपेक्षा अधिक पक्के आहे. परंतु हा भाग नेहमीच्या फेरीत येत नाही.

डिलोसशी केलेली तुलना येथे वेगळ्या कारणानेही उद्बोधक ठरते. डिलोस हे आज मुख्यतः उत्खनित अवशेषांचे बेट आहे. तेथे पर्यटकाला रात्री राहता येत नाही. घारापुरीवर मात्र शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर ही तीन गावे नांदती आहेत. पर्यटक ज्याला 'स्थळ' म्हणतो, ते या कुटुंबांचे घर आहे. पायऱ्यांच्या दुतर्फा दुकाने लावणारे, डोलीतून वृद्धांना वर नेणारे आणि खाणावळी चालविणारे बहुतेक येथलेच रहिवासी आहेत. शेवटची नौका गेल्यावर त्यांचा बाजार मिटतो. जगभरातील पाहुणे दोन शतके येत असलेल्या या बेटावरील गावांना समुद्राखालून टाकलेल्या सुमारे साडेसात कि.मी. लांबीच्या केबलद्वारे नियमित वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोपर्यंत संध्याकाळचे काही तास चालणाऱ्या जनित्रावर गावांची भिस्त होती. दिवसा येऊन दिवसाच परतणाऱ्याला बेटावरील अंधार दिसण्याचे कारण नव्हते. वेळापत्रक केवळ प्रवासाचे नियमन करीत नाही, तर काय नजरेआड राहील हेही ठरविते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

या जलप्रवासातील धोकाही दुर्लक्षित राहिला होता. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या 'नील कमल' या प्रवासी नौकेवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि डझनाहून अधिक व्यक्तींना प्राण गमवावे लागले. जीवरक्षक जाकिटाचा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला. विद्यार्थ्यांना घेऊन जाणाऱ्या कोणत्याही संस्थेला हा विषय औपचारिक मानता येणार नाही.

५. पुण्याहून निघणारी अभ्याससहल :

१८५८ मध्ये पुण्यापर्यंत रेल्वे आली व १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला. १९३० मध्ये डेक्कन क्वीन सुरू झाल्यावर मुंबईला जाऊन त्याच दिवशी परतणे पुणेकरांच्या अंगवळणी पडले. या गाडीने सकाळी सव्वासातच्या सुमारास निघालेला प्रवासी साडेदहाच्या आसपास मुंबईत पोहोचतो. तेथून गेट वे, तिकीट आणि सुमारे तासाभराचा जलप्रवास धरल्यास बेटावर पाऊल पडेपर्यंत बारा वाजून जातात. सायंकाळी पाचनंतरची तीच गाडी परतीसाठी गाठायची असेल तर तीन-साडेतीनला बेट सोडावे लागते. त्यातून चढ-उतार व भोजन वजा जाता लेण्यासाठी जेमतेम दीड तास उरतो. स्वतंत्र बस करून गेले तरी वेळेचा हिशेब फारसा बदलत नाही. सोमवारी लेणी बंद असतात, हेही नियोजनात लक्षात घ्यावे लागते.

या दीड तासात होते ते अध्ययन की केवळ स्थलदर्शन, हा खरा प्रश्न आहे. अनेकदा सहलीनंतरचे अहवाल एकसारखे असतात. त्यांत त्रिमूर्तीचे वर्णन, समुद्रप्रवासाचा आनंद आणि वारसा जपण्याचे आवाहन असते. विद्यार्थी स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याऐवजी आधी ठरलेलेच पाहून येतो.

पुण्याजवळच याहून वेगळी परंपरा उपलब्ध आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरात पायी हिंडून, लेण्यांच्या वाटा, ग्रामदेवता, सूक्ष्मास्त्रे आणि गावकऱ्यांच्या आठवणी यांचा एकत्रित विचार केला. १९६२ च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात त्याचे फलित दिसते. मुंबईतील संशोधनसंस्थेत काम करीत असताना त्यांचा प्रवासही डेक्कन क्वीननेच होत असे. तीच गाडी आणि तोच सह्याद्री असूनही पाहण्याची रीत वेगळी होती. एकाच जागी पुन्हा पुन्हा जाणे आणि तेथील माणसांना विचारणे, ही त्या रीतीची दोन अंगे होती.

या आधारे मर्यादित वेळेतही काही बदल शक्य आहेत. लेण्याचा आराखडा आधी वर्गात अभ्यासून विद्यार्थ्यांना पूर्व-पश्चिम अक्षावरून गर्भगृह पाहण्यास सांगता येईल. एका गटाने एकाच शिल्पपटाची तासभर नोंद घ्यावी व वर्गात सर्व गटांनी मिळून लेणे 'पूर्ण' करावे. एका गटाने रहिवाशांशी, त्यांच्या सवडीने व संमतीने, पाणी, वीज, शाळा व रोजगार यांविषयी बोलावे. राणीच्या बागेतील हत्ती स्वतंत्र भेटीत पाहावा. शक्य असल्यास दुसऱ्या वर्षी त्याच स्थळी पुन्हा जावे.

निष्कर्ष :

घारापुरीचे एकदिवसीय स्थलदर्शन ही नैसर्गिक वा अपरिहार्य पद्धत नसून ती अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील मुंबईच्या परकीय रहिवाशांच्या सोयीतून घडलेली आहे. बेटाचे परदेशी नाव, प्रवेशाची दिशा, एका मूर्तीला मिळालेले प्राधान्य आणि सायंकाळपूर्वी परतण्याचा क्रम हे तिचे घटक होत. या घडणीमुळे लेणे जगप्रसिद्ध झाले आणि बेटावरील कुटुंबांना उपजीविकाही मिळाली, हे मान्य करावे लागते. त्याच वेळी गर्भगृह, स्तूप टेकडी, प्राचीन बंदर आणि नांदती गावे नजरेआड राहिली. इतिहासाच्या शिक्षकाला शेवटच्या नौकेची वेळ बदलता येणार नाही. परंतु त्या वेळेपूर्वी विद्यार्थ्याने काय पाहावे आणि कोणाचे ऐकावे, हे ठरविण्याचा अधिकार व जबाबदारी त्याच्याकडेच आहे.