टिफ्रॅक: मुंबईत घडलेला संगणक आणि यंत्राशी संवादाचे स्वप्न

१/८
संगणकासमोर बसावे, समीकरण टंकावे आणि तत्क्षणी उत्तर वाचावे, ही आज नित्याची गोष्ट. साठ वर्षांपूर्वी मात्र यंत्राशी असा संवाद हाच संशोधनाचा विषय होता. त्या काळाचे एक प्रकरण मुंबईत लिहिले गेले.

२/८
होमी भाभांनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. १९५४ मध्ये गणिती रंगस्वामी नरसिंहन तेथे रुजू झाले. तरुण सहकाऱ्यांसह त्यांनी संगणक बांधायला घेतला. १९५६ अखेर त्याची प्रायोगिक आवृत्ती चालू झाली.

३/८
पूर्ण यंत्र फेब्रुवारी १९६० मध्ये कार्यान्वित झाले. २,७०० निर्वात नलिका, १,७०० डायोड, १२,५०० रोधक. आणि स्मृती केवळ ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची! जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले.

४/८
त्यावर गणित सोडवणे म्हणजे एक दीर्घ विधीच होता. प्रश्नाचे यंत्रभाषेतील सूक्ष्म पायऱ्यांत विभाजन करायचे, त्या कागदी फितीवर छिद्रांच्या रूपाने उतरवायच्या, फीत यंत्राला द्यायची. एक छिद्र चुकले, की फीत पुन्हा तयार करणे आले.

५/८
असे का? यंत्र सेकंदाला हजारो बेरजा करी. माणूस विचार करत बसला, तर तेवढा वेळ ते महागडे यंत्र रिकामे राहणार. म्हणून यंत्राने नव्हे, तर माणसाने थांबायचे, हाच त्या काळचा हिशेब.

६/८
हा हिशेब उलटवणाऱ्यांपैकी एक होते अमेरिकेतील रँड संस्थेचे जे. सी. शॉ. त्यांची 'जॉस' ही प्रणाली १९६३ मध्ये वापरात आली. अनेक जण आपापल्या टंकयंत्रावर गणित मांडत आणि संगणक पाळीपाळीने प्रत्येकाकडे वळे. माणसाचा मजकूर हिरव्या शाईत, यंत्राचा काळ्या! सूचना उमगली नाही, तर यंत्र 'एह्?' असे विचारी.

७/८
जॉस ज्यावर चालली तो 'जॉनियाक' आणि टिफ्रॅक हे एकाच घराण्यातले. दोघांचा आराखडा फॉन नॉयमन यांच्या प्रिन्स्टन येथील यंत्रापर्यंत पोहोचतो. टिफ्रॅकलाही आलेख व अक्षरे दाखवणारा कॅथोड किरणांचा पडदा होता. पडदा होता, पण संवाद नव्हता. कारण संवादासाठी यंत्राचा वेळ अनेकांत वाटण्याची युक्ती लागते.

८/८
तोवर जग ट्रान्झिस्टरकडे वळले होते. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० आला आणि टिफ्रॅक मागे पडला. मग तो खटाटोप व्यर्थ गेला का? नाही. यंत्र जुने झाले, पण ते घडवताना मिळालेले ज्ञान जुने झाले नाही. नरसिंहन पुढे भारतीय संगणक संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. आज खामगाव वा मेहकरचा विद्यार्थी हातातल्या फोनला गणित विचारतो आणि क्षणात उत्तर मिळवतो, त्यामागे छिद्रांच्या फिती हाती घेऊन ताटकळलेली एक पिढी उभी आहे.