मुतखड्याची कळ

मूत्रपिंडातला खडा मूत्रवाहिनीत उतरताना उठणारी वेदना. खडा मूत्रपिंडात स्वस्थ पडून असेल तर अनेकदा वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. मूत्रवाहिनी साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद असते. ती अडली की मागे लघवी तुंबते, मूत्रपिंडावर ताण येतो. वेदना मुख्यतः या तुंबण्याची असते. त्यामुळे ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान खडाही धडधाकट माणसाला लोळवतो.

गोंदिया तालुक्यातील दवनीवाड्यासारख्या धानाच्या गावात पहिली गल्लत होते ती कंबरदुखीशी. रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकून राहिलेल्यांची कंबर धरतेच. पण ते दुखणे आडवे झाल्यावर उतरते. खड्याची कळ कुठल्याच कुशीवर थांबत नाही. माणूस खाटेवर बसतो, उठतो, अंगणात फेऱ्या मारतो, उलटी करतो, पुन्हा लवंडतो. अपेंडिक्स फुटलेला रोगी याच्या नेमका उलट, अंग चोरून निश्चल पडून असतो. हा फरक दारातूनही दिसतो.

कळ लाटेसारखी चढते-उतरते आणि खड्याबरोबर जागा बदलते. खडा वर असताना बरगडीखाली पाठीच्या एका बाजूला दुखते. खाली सरकू लागला की दुखणे कुशीतून जांघेत येते. मज्जातंतू सामाईक असल्याने पुरुषांना ते वृषणात आणि स्त्रियांना योनीच्या ओठांत जाणवते. मूत्राशयाच्या तोंडाशी पोचलेला खडा वेगळेच सोंग घेतो: सारखी लघवीची घाई, जळजळ, चार थेंब. इथे उन्हाळी लागली समजून सब्जाचे पाणी सुरू होते. मूत्राशयात पडताच बहुधा एकदम हायसे वाटते. शेवटचा टप्पा लहान असतो: टोचल्यासारखे होते, धार क्षणभर तुटते. लघवी लालसर दिसू शकते, पण ती स्वच्छ दिसली म्हणून खडा नाही असे ठरत नाही.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अश्मरीच्या वर्णनात तुटणारी धार आणि रक्तमिश्रित लघवी या खुणा आहेत; धावण्याने, उड्या मारण्याने वेदना वाढते असेही म्हटले आहे. ते वर्णन प्रामुख्याने मूत्राशयातल्या खड्याचे आहे.

कळ थांबली म्हणजे खडा पडला, हा समज सर्वांत महागात पडतो. खडा अडकूनही दुखणे शमू शकते आणि मूत्रपिंड आतल्या आत निकामी होत राहते. म्हणून सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून खात्री करावी लागते. ५ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे काही आठवड्यांत आपोआप पडतात. १० मिलिमीटरच्या पुढचे क्वचितच. कुळथाचे पाणी, पानफुटी, शहाणपणाने सुचवलेली बिअर यांच्या श्रेयातला बराच वाटा साध्या पाण्याचा आणि वाट पाहण्याचा असतो. ऐन कळेत मात्र घटाघटा पाणी पाजल्याने उलटीच होते.

कळेसोबत थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, रोगी गरोदर असेल किंवा त्याला एकच मूत्रपिंड असेल, तर रात्रीच रुग्णालय गाठावे. साठीनंतर पहिल्यांदाच अशी कळ आली तर पोटातली महारोहिणी फुगलेली नाही ना, हेही पाहावे लागते.

खडा पडण्याची वाट पाहण्याच्या दिवसांत लघवी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळावी. फडक्यावर उरलेला तपकिरी, खरखरीत कण फेकू नये. वाळवून औषधाच्या रिकाम्या डबीत घालून डॉक्टरांकडे न्यावा. तो कॅल्शियम ऑक्झलेटचा की युरिक आम्लाचा, यावर पुढचे पथ्य ठरते.