पहिली तबकडी

गायकाच्या चरित्रात एक तारीख नेहमी ठळक असते. ती म्हणजे त्याचे पहिले गाणे तबकडीवर निघाले त्या दिवसाची. त्याआधीची पाचदहा वर्षे दोन ओळींत आटोपतात आणि त्यानंतरच्या वैभवाला पानेच्या पाने मिळतात. आमच्या मते इतिहासाच्या दृष्टीने हे प्रमाण उलटे आहे. पहिली तबकडी निघेपर्यंत जे घडते त्यातच गाण्याचे मर्म असते. स्वतःच्या चालीवर आणि स्वतःच्या गळ्याने अंतःकरणातले काही सांगू पाहणारा तरुण पहिल्या तबकडीपर्यंत कसा पोहोचतो, आणि तिथे तो एकटा पोहोचतो काय, हा आजचा आमचा विषय आहे.

आपण माधवनगरकर एका मोठ्या नादवंत प्रदेशाच्या मधोमध राहतो. एका हाताला सांगली आहे. तिथे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला आणि त्या खेळांची पदेही त्यांनी स्वतःच रचली. मिरजही लांब नाही. तिथे तंबोरे आणि सतारी घडतात, आणि त्या कारागिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उत्तरेला वाळवे तालुक्यातले हरणाक्ष रेठरे. तिथे १८६६ मध्ये श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले, ज्यांना महाराष्ट्र पठ्ठे बापूराव म्हणून ओळखतो. पद रचायचे, त्याला चाल लावायची आणि ते चारचौघांत उभे राहून म्हणायचे, ही रीत या मातीला नवी नाही. कीर्तनकार हेच करीत आला, शाहीर हेच करीत आला. १८८० साली शाकुंतल रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्करही पदे रचीत, त्यांना चाली देत आणि भूमिकाही करीत. तेव्हा गीत रचणारा आणि ते गाणारा एकच असणे ही आपल्याकडे अपूर्वाई नव्हती. अपूर्वाई ठरली ती निराळीच गोष्ट: एकट्या माणसाच्या मनातली हळवी गोष्ट, देवाचे नाव न घेता आणि नाटकातल्या पात्राचा आधार न घेता, हलक्या आवाजात गायची आणि ती हजारोंनी घरी बसून ऐकायची. या प्रकाराला पुढे भावगीत हे नाव रूढ झाले.

हे गाणे येण्यापूर्वी यंत्र आले होते. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आले आणि त्यांनी गौहरजानचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच बाई मोठ्याने आपले नाव सांगत. कारण तबकड्या तयार होणार जर्मनीत, आणि तिथल्या कारागिरांना कोणाचा आवाज कोणता हे कळावे कसे? १९०८ मध्ये कलकत्त्यासच कारखाना निघाला. तबकडीच्या मिश्रणात लाख असे, आणि ती लाख आपल्याच देशातून जाई. दहा इंची तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपास गाणे मावे. तासभर राग आळवणाऱ्या गवयाला ही शिक्षाच वाटली असेल. परंतु ज्याचे म्हणणे मुळातच तीन मिनिटांचे होते, त्याला हे माप बेतून दिल्यासारखे होते.

तथापि, मापाने भागण्यासारखे नव्हते. आरंभीच्या काळात गायकाला एका कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. त्याच्या आवाजाच्या जोरानेच सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. हळू बोललेला शब्द त्या मेणापर्यंत पोहोचतच नसे. म्हणून त्या काळात पल्लेदार आणि धारदार आवाजांचे राज्य होते, आणि नाटकातली पदे त्या कर्ण्याला मानवत. १९२५ पासून विजेच्या साहाय्याने मुद्रण होऊ लागले, कर्ण्याच्या जागी मायक्रोफोन आला आणि थोड्याच वर्षांत ही पद्धत आपल्याकडेही पोहोचली. आता श्वास ऐकू येऊ लागला, कुजबुज ऐकू येऊ लागली. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे उदाहरण घ्या. त्यांनी त्या शतकाच्या पहिल्या दशकातही तबकड्या दिल्या होत्या. पण आज रसिक ज्यांवर जीव टाकतात त्या त्यांच्या तबकड्या १९३७ मध्ये ते निवर्तले त्याआधीच्या थोड्या वर्षांतल्या, विजेच्या मुद्रणावरच्या आहेत. तो नाजूक, करुण स्वर जसाच्या तसा धरण्याची शक्ती यंत्राला तोवर आली होती.

यंत्र असे सिद्ध होत होते. मग शब्द कोठून आले? इथे सातारा-सांगलीकडच्या माणसांना थोडा अभिमान वाटावा. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. त्यातले गिरीश हे साताऱ्याचे आणि यशवंत हे चाफळचे. यशवंतांचे शालेय शिक्षण सांगलीत झाले आणि तिथे त्यांना साधुदासांसारख्या कवीचे मार्गदर्शन लाभले. हे कवी आपल्या कविता नुसत्या वाचीत नसत, सभेत उभे राहून गात. त्याला काव्यगायन म्हणत. पुष्कळांनी नाके मुरडली. आचार्य अत्र्यांनी १९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’ काढून या मंडळींच्या कवितेची यथेच्छ टर उडवली. टर उडाली, परंतु सवय राहिली. कविता ही कानाने घ्यायची वस्तू आहे आणि तिच्यातला शब्द कळलाच पाहिजे, ही जाण शाळा-कॉलेजांच्या संमेलनांतून मुरत गेली. आमचे म्हणणे असे की, भावगीताच्या पहिल्या तबकडीचा खरा पाया या टिंगल झालेल्या सभांत घातला गेला.

यानंतर तो तरुण आला. ना. घ. देशपांडे हे विदर्भातले, मेहकरचे वकील-कवी, जन्म १९०९ चा. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी या कायद्याचे शिक्षण घेतलेल्या तरुणाच्या हाती आली. जोशी कोणत्याही नाटक कंपनीचे नट नव्हते आणि घराण्याची मिरासही त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी कवितेला स्वतः चाल लावली आणि स्वतः ती गायली. १९३२ च्या सुमारास ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने तिची तबकडी काढली आणि ती महाराष्ट्रभर गाजली. याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या यशाची किंमत कळते. पडदा नुकताच बोलू लागला होता, नाट्यपदांचा दरारा अजून ओसरला नव्हता; आणि अशा वेळी कसलेही पात्र न झालेल्या माणसाचे एक साधे गाणे लोकांनी विकत घेऊन घरी नेले.

त्या काळचे मुद्रण कसे असे, हे आजच्या तरुणांना सांगितले पाहिजे. गाणे मेणाच्या तबकडीवर एका दमात कोरले जाई. मध्येच शब्द अडखळला, वादकाचा ठेका चुकला, तर ते मेण वाया जाई आणि पहिल्यापासून गावे लागे. तुकडे जोडण्याची सोय नव्हती, कारण ध्वनिफीत पुष्कळ नंतर आली. म्हणून पहिल्या तबकडीला उभा राहणारा माणूस गाणे पाठ करून नव्हे, तर मुरवून आलेला असे. ती तीन मिनिटे साधण्यासाठी कितीतरी बैठकी आणि संमेलने खर्ची पडलेली असत. ज्या श्रोत्यांनी त्या बैठकींत मान डोलावली, किंवा डोलावली नाही, त्यांचाही त्या तबकडीत वाटा होता.

जोशी १९३८ मध्ये त्याच कंपनीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले आणि पुढे अनेक वर्षे दुसऱ्यांची गाणी त्यांनी जपून मुद्रित केली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ ची सुप्रसिद्ध ध्वनिमुद्रिका त्यांच्याच देखरेखीखाली झाली. त्यांचे ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे आठवणींचे पुस्तक रसिकांनी वाचण्यासारखे आहे. त्यांच्या मागोमाग इचलकरंजीचे जे. एल. रानडे आले. बेळगावात १९१७ साली जन्मलेले गजानन वाटवेही आले. वाटव्यांनी कवींच्या कवितांना स्वतः चाली लावून त्या गणेशोत्सवाच्या मांडवांत गायल्या आणि काव्यगायन दिवाणखान्यातून चौकात आणले.

कवीच्या वाट्याला मात्र काय आले? ‘शीळ’ गाणे म्हणून १९३२ च्या सुमारास घरोघर पोहोचले. ‘शीळ’ हा कवितासंग्रह निघाला तो १९५४ मध्ये. म्हणजे कवीचा शब्द लोकांच्या ओठांवर रुळून दोन तपे होत आली तरी कवीचे पुस्तक नव्हते. ‘खूणगाठी’ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा कवी पंच्याहत्तरी ओलांडून गेले होते. तबकडीने कवितेला पंख दिले यात शंका नाही. परंतु ऐकणाऱ्याला गायकाचा आवाज आधी भेटतो आणि कवी, भेटलाच तर, फार उशिरा भेटतो.

हा प्रश्न आपल्याकडेच उभा राहिला असे नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांत एक आर्त गायकी वाढली होती. १९५० नंतरच्या दशकात तीच गायकी देवाऐवजी माणसाच्या प्रेमाविषयी आणि दुःखाविषयी गाऊ लागली. तिला तिकडे सोल, म्हणजे आत्म्याचे गाणे, असे म्हणू लागले. आपल्या भावगीताशी तिचे कूळ जुळत नाही. पण दोहोंची वाट मात्र सारखी दिसते. धर्मोपदेशकाचा मुलगा सॅम कुक हा भक्तिगीते गाणाऱ्या संचातला लाडका गायक. १९५६ मध्ये त्याने लौकिक गाण्याची पहिली तबकडी काढली, पण तिच्यावर आपले खरे नाव घातले नाही, डेल कुक असे नाव घातले. देवाचे गाणे सोडले म्हणून आपली माणसे रुष्ट होतील ही भीती त्याला होती. आवाज लपला नाही, तो ओळखला गेलाच. १९५७ मध्ये तो खऱ्या नावाने पुढे आला आणि त्याच्या स्वतःच्या ‘यू सेंड मी’ या गाण्याने त्या देशात अग्रस्थान मिळवले. पुढे त्याने स्वतःची गीतप्रकाशन संस्था आणि तबकड्यांची कंपनीही काढली. गाणे आपले असेल तर त्याचा हक्कही आपला असला पाहिजे, हे त्याने फार लवकर ओळखले होते.

आपल्या पठ्ठे बापूरावांना ही सोय कोणी दाखवली? कुलकर्णीपणाचे वतन आणि जातीची प्रतिष्ठा यांवर पाणी सोडून त्यांनी तमाशाचा फड जवळ केला. त्यांच्या लावण्या महाराष्ट्राच्या तोंडी झाल्या. आणि ते स्वतः १९४५ मध्ये हलाखीत वारले. गाणे श्रीमंत आणि कर्ता दरिद्री, ही आपल्याकडची जुनी कहाणी आहे. १९५७ चा प्रताधिकाराचा कायदा झाला, तरी गीतकार आणि संगीतकार आपले हक्क एकरकमी लिहून देत आणि मोकळे होत. २०१२ च्या दुरुस्तीने मानधनातला त्यांचा वाटा सोडून देता येणार नाही असे ठरले. पठ्ठे बापूराव जाऊन तेव्हा सदुसष्ट वर्षे झाली होती.

आज तबकडी राहिलेली नाही. मेण, लाख, कर्णा यांतले काही लागत नाही. घरातल्या खोलीत गाणे मुद्रित करावे आणि रातोरात जगापुढे ठेवावे, इतके ते सोपे झाले आहे. कंपनीचा दरवाजा ठोठावण्याचे कष्ट संपले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्या दरवाजाच्या अलीकडची जी वाट होती, ती मात्र आम्हांला ओस पडलेली दिसते. गावोगावच्या कार्यक्रमांत तरुण गायक उभा राहिला की श्रोत्यांतून चिठ्ठी येते ती प्रसिद्ध गाण्याची. तो बिचारा ते म्हणतो, टाळ्या घेतो, आणि त्याने रात्री जागून रचलेले गाणे वहीतच राहते. मग ते एके दिवशी परस्पर जगापुढे जाते, कच्चे, कोणीही आधी न ऐकलेले; आणि जगाच्या गर्दीत ते कोणाच्याच कानी पडत नाही.

यशवंत-गिरीशांना टर उडवणारे भेटले, पण ऐकणारेही भेटले. जोशींच्या चालीला तबकडीआधी माणसे भेटली. वाटव्यांना मांडव भेटला. पहिली तबकडी ही एकट्या गायकाची कधीच नव्हती. तिच्यात कवी होता, यंत्र होते आणि गाव होते. यंत्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे. कवीचे नाव घेणे आणि त्याचा वाटा देणे हे गायकाचे काम आहे, आणि कायदाही आता तसे सांगतो. उरले गाव, आणि गाव म्हणजे आपण. व्याख्यान ऐकण्यासाठी उन्हाळ्याच्या संध्याकाळी दीड-दोन तास स्वस्थ बसणारे श्रोते ज्या गावात आहेत, त्या गावाला हे जड जाऊ नये. आपल्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी वही घेऊन उभी राहील, तेव्हा दुसऱ्याच्या गाण्याची फर्माईश करू नये. “तुझे काय आहे ते म्हण” असे सांगावे, शेवटपर्यंत ऐकावे आणि जे रुचले नाही तेही प्रेमाने सांगावे. तिचे गाणे पुढे जगापर्यंत जाईल तेव्हा ते माधवनगरात एकदा नीट ऐकले गेलेले असावे.