खुराक आधी, बक्षीस नंतर



गेल्या महिन्यात तालुक्याची बैठक आटोपून आम्ही नऊजणी महामार्गावरच्या एका हॉटेलात जेवलो. बडीशेपेच्या बशीतून बिल आलं. एकीनं पैसे ठेवले आणि वर दहाची नोट ठेवली. लगेच आमच्या काकू म्हणाल्या, "अगं, जेवणाचे पैसे दिले की! ह्ये वर आणि कशाला?" दुसरी म्हणाली, "पोरगं पाच वेळा पाणी घेऊन आलं, काकू." तिसरी म्हणाली, "मालक पगार देत असंलच की त्याला."

भिंतीवरच्या टीव्हीवर क्रिकेटचा सामना चालू होता आणि आपला संघ हरायला लागला होता. तोच वाढपी पोरगा ताटं उचलता उचलता वैतागून म्हणाला, "ह्यांना कशाला पैसं देत्यात? बंद करा त्यो टीव्ही!"

मला हसू आलं. काकू त्याच्याबद्दल जे म्हणत होत्या, तेच तो खेळाडूंबद्दल म्हणत होता. दुसऱ्याच्या कष्टाचं मोल कधी करायचं आणि कशावरून करायचं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. आपल्या सातारा-सांगलीच्या मातीत त्याचं उत्तर सापडतं का, ते आज बघू या.

बक्षीस हा शब्द फारसीतून आपल्याकडं आला आणि इथलाच झाला. दिवाळीला पोस्टमनला, गड्याला आपण पोस्त देतो, तीही त्यातलीच. पण बक्षिसाची खरी जागा म्हणजे जत्रेतलं कुस्तीचं मैदान. कुंडलचं मैदान घ्या, नाहीतर आपल्या गावच्या जत्रेतला फड घ्या. हलगी कडाडते, एक पैलवान दुसऱ्याला चीतपट करतो. जिंकलेला गडी मैदानाला फेरी मारतो आणि लोक खुशीनं त्याच्या हातात नोटा ठेवतात. हरलेला मात्र अंगाची माती झटकत खाली मान घालून निघून जातो. त्यानंही वर्षभर तेवढ्याच जोर-बैठका काढलेल्या असतात. त्याच्या घरच्यांनीही पोटाला चिमटा घेऊन दूध-बदाम पुरवलेले असतात.

म्हणून जुन्या जाणत्यांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या, खुराक आणि बक्षीस. बक्षीस कुस्ती संपल्यावर मिळतं, ते देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. खुराक रोज लागतो, जिंकलं तरी आणि हरलं तरी. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी हे ओळखलं होतं. त्यांनी १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. तालमींना आणि मल्लांना त्यांनी कायमचा आधार दिला. त्या आधारावर पुढच्या कित्येक पिढ्यांचे पैलवान घडले. आपल्या शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठे पिरानचे मारुती माने यांनी १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकं मिळवली.

आता कराडजवळच्या गोळेश्वरची गोष्ट ऐका. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तोपर्यंत त्यांचं अंग लाल मातीत घामाघूम झालेलं, आणि तिथं कुस्ती गादीवर. ते सहावे आले. नुसत्या बक्षिसाच्या नजरेनं बघितलं तर सहावा म्हणजे हरलेला. फेरीला निघावं आणि कुणी हातावर नोट ठेवावी, असा तो नंबर नव्हे.

खाशाबांनी मेहनत सोडली नाही. १९५२ साली हेलसिंकीला जायचं ठरलं, पण पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. पदक मिळेल की नाही, हे तेव्हा कुणाला माहीत होतं? हा झाला खुराक. हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारतातल्या खेळाडूचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ते झालं बक्षीस.

मैतरणींनो, पुढचंही ऐका. मिरवणूक एका दिवसात संपली. खाशाबांनी कुस्त्या लावून खर्डेकर सरांचे पैसे फेडले. १९५५ साली ते पोलीस खात्यात लागले, नोकरी करून निवृत्त झाले आणि १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी. भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडलं, म्हणजे मधे ४४ वर्षं गेली. बैलगाड्या जुंपणारे हात खूप होते, घर गहाण ठेवणारे थोडे. एवढ्या वर्षांच्या दुष्काळाचं एक कारण मला तरी यातच दिसतं.

आता पुन्हा हॉटेलातल्या पोराकडं येऊ. खाशाबा लंडनला गेले त्याच १९४८ साली आपल्या देशात किमान वेतन कायदा झाला. कामगाराची मजुरी मालकाच्या मर्जीवर सोडायची नाही, हा त्याचा गाभा. हॉटेलात काम करणाऱ्यांसाठीही महाराष्ट्रात किमान वेतन ठरवून दिलेलं आहे. म्हणजे पगार हा त्या पोराचा खुराक आणि बशीतली दहाची नोट हे बक्षीस. नोट खुशीनं द्यावी, पण तिच्यावर त्याचं घर चालावं अशी पाळी येऊ नये.

ही पाळी आली की काय होतं, ते अमेरिकेत दिसतं. तिथं १८६५ साली गुलामगिरी संपली. मोकळ्या झालेल्या काळ्या माणसांना हॉटेलात आणि रेल्वेत कामं मिळाली, पण कितीतरी मालकांनी पगार नावापुरता दिला आणि गिऱ्हाइकाच्या टिपेवर भागवायला लावलं. ती रीत अजून पुरती गेलेली नाही. तिथल्या केंद्राच्या कायद्यात साध्या कामगाराला तासाला किमान सव्वासात डॉलर आहेत, पण टिप मिळणाऱ्याला मालकानं स्वतःहून द्यायचे फक्त २ डॉलर १३ सेंट. बाकीचे टिपेतून भरून निघावेत, आणि कमी पडले तरच मालकानं भर घालायची. गिऱ्हाइकाची मर्जी सांभाळण्यात त्या वाढपी बाईचा जन्म जातो. वेडंवाकडं बोललेलंही गिळावं लागतं.

त्याच अमेरिकेची एक चांगली गोष्टही सांगते. तिथं बेसबॉल म्हणून एक खेळ आहे, आपल्या विटी-दांडूचा लांबचा भाऊ म्हणा. शिकागो शहराचा कब्ज नावाचा संघ १९०८ साली अजिंक्य ठरला आणि त्यानंतर थेट २०१६ साली. मधे १०८ वर्षं गेली! आजोबा गेले, नातू म्हातारे झाले. लोक चिडायचे, संघाला नावं ठेवायचे, पण पुढच्या वर्षी तिकीट काढून पुन्हा मैदानावर यायचे. हरणाऱ्या संघाचा खुराक त्यांनी तोडला नाही.

हे सगळं मी का सांगतेय? आमच्या गावच्या मुलींचा कबड्डीचा संघ तीन वर्षं पहिल्याच फेरीत हरतोय. आमचा गट त्यांना बूट आणि शेंगदाणे-गुळासाठी पैसे देतो. यंदा बैठकीत एकजण म्हणाली, "हरायलाच जात्यात, बंद करूया." तेव्हा मी खाशाबांची गोष्ट सांगितली. आणखी एक सांगितलं. मार्च २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि ती गदा मिरज तालुक्यातल्या तुंगच्या प्रतीक्षा बागडीनं उचलली. बाईमाणसाला ज्या मैदानाच्या कडेलाही उभं राहू देत नव्हते, तिथं ही पोर पोचली. ती काय एका दिवसात पोचली असेल?

वर्गणी चालू ठेवायचं ठरलं. त्याच बैठकीत दुसराही ठराव झाला. आमचा गट लग्नाकार्यात जेवणाची ऑर्डर घेतो. मागं एका कार्यात यजमानांनी पुढं वाढणाऱ्या दोघींना पाचशे रुपये खुशीनं दिले, आणि मागं चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या, भांडी घासणाऱ्या सहाजणींना कुणी विचारलंही नाही. घरी जाताना कुणी कुणाशी बोललं नाही. आता आम्ही ठरवलंय, प्रत्येकीची मजुरी आधी वहीत लिहायची आणि वर मिळालेलं बक्षीस सगळ्यांत सारखं वाटायचं.

आणि हो, हॉटेलच्या बिलात सेवा शुल्क म्हणून रक्कम आपोआप लावलेली दिसली, तर ती देण्याची सक्ती नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच तसं सांगितलंय. द्यायचं तर वाढणाऱ्याच्या हातात द्या.

त्या दिवशी काकूंनी शेवटी काय केलं, ते सांगायचं राहिलं. त्यांनी पोराला जवळ बोलावलं आणि विचारलं, "बाळा, पगार येळंवर मिळतो का रं?" तो म्हणाला, "मिळतो, मावशी." मग काकूंनी कनवटीची पिशवी सोडली आणि बशीतल्या दहावर आपले दहा ठेवले.

तुमच्या पुढच्या बैठकीत आपापल्या गटाची वही उघडा आणि बघा, मागं चुलीपाशी कोण आहे आणि तिची मजुरी लिहिली आहे का.