घोड नदीकाठची पांढर

जमीन काळी असली की पिकाची आणि पांढरी असली की वस्तीची, हा भेद दख्खनचा कुणबी पिढ्यानुपिढ्या जाणत आला आहे. पुराणवस्तुसंशोधकही अशा पांढरीचाच माग काढीत असतात. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी, इनामगावाजवळ, अशीच एक पांढर आहे. १९६८ सालापासून सुमारे पंधरा वर्षे डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी आदी डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी ती उकरली, आणि शेतकऱ्यांचे एक समग्र गाव उजेडात आले. इ. स. पूर्वी १६०० च्या सुमारास वसलेले हे गाव नऊशे वर्षे नांदले आणि मग ओस पडले.

तेथील पहिले रहिवासी माळवा संस्कृतीचे होते. महेश्वरसमोर नर्मदेच्या पलीकडे नावडातोडी येथे याच संस्कृतीची मोठी वस्ती सापडली आहे; म्हणजे माळव्याशी महाराष्ट्राचा संबंध शिंदे-होळकरांच्या कितीतरी आधीचा होय! पुढे जोर्वे संस्कृतीच्या काळात गाव भरभराटीस आले. सातू, गहू, मसूर, कुळीथ पिकू लागले. नदीच्या पुराचे पाणी वळविण्यासाठी बांध घातला, पाट खणला. चौकोनी, प्रशस्त घरे उभी राहिली. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर होते व त्याला लागून धान्याचे कोठार. ते गावच्या प्रमुखाचे असावे.

या लोकांची मृतांविषयीची वागणूक विलक्षण होती. दगावलेल्या अर्भकास दोन कुंभांत ठेवून, कुंभांची तोंडे एकमेकांस भिडवून, राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरीत. प्रौढांची पावले घोट्यापासून तोडलेली आढळतात; मृताने दूर निघून जाऊ नये, हा त्यामागील हेतू असावा, असे विद्वान मानतात. त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसविलेला पुरुष निघाला, आणि त्याची पावले शाबूत होती.

मृतांना असे जखडून ठेवणाऱ्या गावावर इ. स. पूर्वी १००० नंतर वाईट दिवस आले. चौकोनी घरांच्या जागी लहान, गोल झोपड्या आल्या. गव्हाचे पीक घटले. शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवर भिस्त वाढली. पर्जन्यमान घटले हे याचे कारण उत्खननकर्त्यांनी दिले. एवढे एकच कारण काही अभ्यासकांना पुरेसे वाटत नाही, परंतु सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील शेतीचे दैन्य ज्याने पाहिले आहे, त्यास ते सहज पटावे. पुराच्या भरवशावर खणलेला पाट नदीच रोडावल्यावर काय करणार?

इ. स. पूर्वी ७०० च्या सुमारास वस्ती मोडली. हलाखीतल्या त्या गोल झोपड्यांतही अर्भके पुरण्याची चाल सुटली नव्हती. माणसे निघून गेली, ते कुंभ मात्र जमिनीखालीच राहिले.