मराठी आज्ञावलींचे जतन आणि इम्युलेटर
वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वर मंदिरातील यादवकालीन मराठी शिलालेख लिपीच्या जाणकारास थेट वाचता येतो. फ्लॉपीवरील मराठी मजकुरास मात्र यंत्राची गरज असते. आयआयटी कानपूर येथे जन्मलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान १९८८ नंतर पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले. डॉस संगणकात बसविलेले जिस्ट कार्ड पडद्यावर देवनागरी उमटवीत असे. २००२ साली आलेल्या ‘डॉसबॉक्स’ इम्युलेटरच्या साहाय्याने भ्रमणध्वनीवरही डॉस संगणकाची नक्कल करता येते. परंतु तीत हे कार्ड नसते. परिणामी त्यावर विसंबलेली आज्ञावली हलविली, तरी देवनागरी अक्षरे दिसत नाहीत. इस्की संकेतातील मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. मूळ आज्ञावलीचा अनुभव नव्हे. म्हणून आज्ञावलीबरोबर यंत्ररचनेचेही दस्तऐवजीकरण आवश्यक ठरते.